बेलमास्तर : स्टारबेकच्या वर्गातून सोमच्या खंदकात

सोमवार : हॅरोगेट, स्टारबेक

डोनाल्ड सिम्पसन बेल हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते फुटबॉलवरच्या एका लेखात. यॉर्कशरमधल्या कौन्सिलच्या शाळेतला मास्तर, ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू क्लबचा बचावपटू, आणि पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश फौजेच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी ठरून वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेलेला सेकंड लेफ्टनंट. माझी उभी हयात सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत पी.टी. शिकवण्यात गेली. "सर, पोराला जरा अभ्यासाला बसवा, खेळून काय पोट भरतंय होय?" हे पालकसभेत ऐकून ऐकून कान किटले होते. बेलच्या वडिलांचंही मुलाबद्दल हेच गाऱ्हाणं होतं, हे वाचलं आणि हा पोरगा मनात घर करून बसला. लीड्सला भाच्याकडे जायचं नक्की झालं तेव्हाच त्याला फोनवर सांगून टाकलं, लंडन मागाहून बघू, आधी बेलमास्तर.

भाचा म्हणाला, "मामा, हॅरोगेट आपल्या घरापासून रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तुम्ही नुसतं बूट घालून तयार राहा."

हॅरोगेट हे गंधकाच्या पाण्यासाठी नावाजलेलं गाव. श्रीमंत लोक इथे हवापालटाला यायचे, त्याचा थाट अजून आहे. भल्या मोठ्या दगडी इमारती, जागोजागी फुलांचे ताटवे, आणि गावाला कवेत घेणारं 'स्ट्रे' नावाचं दोनशे एकरांचं मोकळं हिरवं रान. त्यावर कुणी बांधकाम करू नये म्हणून फार जुना कायदा आहे. शाळेच्या मैदानाचा तुकडा वाचवताना आमची काय दमछाक झाली होती ते आठवून मी त्या गवताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो. बेल ३ डिसेंबर १८९० रोजी या गावात जन्मला. इथल्या मोकळ्या जागांनी त्याला पळायला शिकवलं, असं मला मनापासून वाटतं.

गावाच्या मध्यावर युद्धस्मारकाचा उंच दगडी स्तंभ आहे, १९२३ मधला. त्यावर बेलचं नाव आहे. याच गावच्या आणखी एकाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला आहे, त्याचं नाव चार्ल्स हल. तो टपाल वाटणारा पोस्टमन होता. त्याचा पराक्रम मात्र आपल्याकडचा, १९१५ साली वायव्य सरहद्दीवर हाफिज कोर इथला. मोजून दोन क्रॉस आणि दोघेही साधे नोकरदार, एक पोस्टमन आणि एक मास्तर. श्रीमंतांच्या गावात ही गोष्ट मला लक्षात ठेवण्यासारखी वाटली.

दुपारी स्टारबेक. हॅरोगेटहून रेल्वेनं पुढचंच स्टेशन. स्टेशनाला लागून रेल्वेचं फाटक आहे. आम्ही उतरलो तेव्हा फाटक पडलेलं आणि शाळा नुकतीच सुटलेली. आठ-नऊ वर्षांची पोरं, एका हातात जम्पर, दुसऱ्या हातात डबा, फाटकाला खेटून उभी. त्यातला एक जण रस्त्यावरचा खडा बुटाच्या आतल्या बाजूनं अगदी सफाईनं मित्राकडे सरकवत होता, आणि मित्र तो थांबवून परत देत होता. फाटक उघडलं तशी सगळी सुसाट पळाली.

याच स्टारबेकमधल्या कौन्सिल शाळेत बेल शिकवायचा. हॅरोगेटच्या सेंट पीटर्स शाळेतून तो नेअर्झबरोच्या ग्रामर स्कूलमध्ये गेला, तिथून मास्तरकीचं शिक्षण घ्यायला लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॉलेजात. लंडनमध्ये असताना क्रिस्टल पॅलेसकडून हौशी खेळाडू म्हणून खेळला, उत्तरेत परतल्यावर न्यूकॅसल युनायटेडकडूनही. पण प्राथमिक मास्तरचा पगार तो केवढा. त्याला जोड म्हणून १९१२ साली त्यानं ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यूशी करार केला. आठवडाभर शाळा, शनिवारी मैदान. शिकवणी घेणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले. खेळून संसाराला हातभार लावणारा हा पहिलाच.

मंगळवार : नेअर्झबरो

स्टारबेकच्या पुढचं स्टेशन नेअर्झबरो. गाडी निड नदीवरच्या उंच कमानींच्या पुलावरून जाते आणि खाली पाण्यात होड्या दिसतात. टेकाडावर पडका किल्ला. भाच्याने फोटो काढून घेतले, मी मात्र शाळेच्या चौकशीत होतो. किंग जेम्सच्या नावाची ती शाळा आजही चालू आहे.

या एका शाळेतून व्हिक्टोरिया क्रॉसचे दोन मानकरी निघाले आणि दोघेही एकमेकांचे मित्र. दुसरा आर्ची व्हाइट. बेलच्या देहयष्टीबद्दल जे आपल्याला ठाऊक आहे त्यातलं बरंचसं व्हाइटनं सांगून ठेवलेलं आहे. सहा फुटी उंची, भारी अंग, आणि तरीही शंभर यार्ड १०.६ सेकंदांत. ज्यांनी पोरांना घड्याळ लावून पळवलं आहे त्यांना यातली गंमत कळेल. वजनदार मुलं गोळाफेकीला घ्यायची, चपळ मुलं शंभर मीटरला, ही आमची साधी वाटणी. दोन्हीकडे पहिला येणारा मुलगा दहा वर्षांत एखादा भेटतो, आणि भेटला की मास्तर त्याला विसरत नाही.

बुधवार : ब्रॅडफर्ड

आज पाऊस. तरी गेलो.

पार्क अव्हेन्यू हे नाव घेतलं की ब्रॅडफर्डच्या म्हाताऱ्या लोकांचे डोळे भरून येतात, असं भाच्याच्या शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. तो क्लब १९७० साली लीगमधून बाहेर पडला, १९७४ साली बंदच झाला. पुढे त्याच नावानं नवा क्लब उभा राहिला, पण तो दुसरीकडे खेळतो. जुन्या मैदानाचा काही भाग शिल्लक आहे. हॉर्टन पार्कच्या शेजारी, क्रिकेटच्या मैदानाला लागून.

एका बाजूची लांबच लांब दगडी भिंत अजून उभी आहे. आत प्रेक्षकांच्या उभं राहायच्या पायऱ्या आहेत, पण त्यांच्यातून झाडं उगवली आहेत, मनगटाएवढी नव्हे, चांगली मांडीएवढी. पायरीच्या फटीतून बुंधा वर आलेला आणि त्याने सिमेंटचा तुकडा उचलून धरलेला. पानांवरून पाणी ठिबकत होतं. इथे पंचवीस-तीस हजार लोक गर्दी करायचे, हे त्या पायऱ्या बघितल्याशिवाय पटलं नसतं.

बेल इथे फार खेळला नाही. एप्रिल १९१३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्ध पहिल्या संघात आला, एकंदर सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुखापतींनी त्याला सतावलं. १९१४ साली पार्क अव्हेन्यूला पहिल्या डिव्हिजनमध्ये बढती मिळाली, म्हणजे खेळाडू म्हणून त्याचे चांगले दिवस सुरू व्हायची वेळ झाली, आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं.

त्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये फुटबॉलवर फार टीका चालू होती. तिकडे फ्रान्समध्ये माणसं मरताहेत आणि इकडे धडधाकट गडी चेंडूमागे धावताहेत, असा सूर वर्तमानपत्रांत होता. पण व्यावसायिक खेळाडू क्लबच्या कराराने बांधलेला असायचा, मनात आलं म्हणून उठून जाता येत नसे. बेलने क्लबकडे रीतसर मोकळीक मागितली आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये वेस्ट यॉर्कशर रेजिमेंटमध्ये भरती झाला. भरती होणारा पहिला इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून त्याचीच नोंद आहे. फुटबॉलवाल्यांची म्हणून ओळखली गेलेली मिडलसेक्स रेजिमेंटची १७वी बटालियन त्यानंतर, डिसेंबरात उभी राहिली.

तो साधा शिपाई म्हणून भरती झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं. बड्या घरच्या मुलांच्या नामांकित शाळांत शिकवणारे मास्तर थेट अधिकारी व्हायचे. कौन्सिलच्या शाळेतला मास्तर मात्र रांगेत उभा राहायचा. बेल लान्स कॉर्पोरल झाला, सार्जंट झाला. मग आर्ची व्हाइटची गाठ पडली, तो तोवर ग्रीन हॉवर्ड्स या यॉर्कशरच्याच दुसऱ्या रेजिमेंटमध्ये अधिकारी झालेला होता. त्याच्या ओळखीने हालचाल झाली आणि जून १९१५ मध्ये बेल ग्रीन हॉवर्ड्सच्या ९व्या बटालियनमध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. पहिल्या वर्षातच जुन्या लष्करातले तरुण अधिकारी इतके पडले होते की शिकलेला, चार माणसांना सांभाळून नेईल असा गडी दिसला की फौज त्याला वर उचलत होती. चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग ओरडून नव्हे तर नजरेने ताब्यात ठेवणारा माणूस पलटणीच्या कामाचा असणारच. हे गुण लढाईत सापडत नाहीत, ते आधीच कमावलेले असतात, आणि बेलने ते स्टारबेकच्या वर्गात कमावले. माझं हे मत कुणी खोडून काढू शकेल असं मला वाटत नाही.

गुरुवार : रिचमंड

रिचमंडला रेल्वे नाही. डार्लिंग्टनपर्यंत गाडी, पुढे बस. गोट्यांच्या फरसबंदीचा उतरता चौक आणि चौकाच्या मधोमध जुनं चर्च, त्यात ग्रीन हॉवर्ड्सचं संग्रहालय. रेजिमेंट २००६ साली यॉर्कशर रेजिमेंटमध्ये विलीन झाली, पण इथे ती अजून नांदते आहे.

तिथे एक स्वयंसेवक आजोबा भेटले. मी बेलचं नाव काढलं तर हातातलं काम ठेवून आमच्याबरोबर बसले. मी त्यांना अपशिंग्याबद्दल सांगितलं. साताऱ्याजवळचं आमच्याकडचं गाव, नावातच 'मिलिटरी' लागलेलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्तंभ गावात आहे. आजोबांनी विचारलं, ते फ्रान्समध्ये होते का? म्हटलं, मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या, घोड्याच्या मांसावर आल्या, एप्रिल १९१६ च्या शेवटी कुत पडलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून.

बेलची शेवटची सुट्टी याच वर्षातली. ५ जून १९१६ रोजी कर्बी स्टीफनच्या वेस्लियन चॅपलमध्ये त्याचं ऱ्होडा बॉन्सनशी लग्न झालं. लगेच तो परत फ्रान्सला गेला. पाच आठवड्यांनी ऱ्होडा विधवा झाली. १३ डिसेंबर १९१६ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात राजाच्या हातून क्रॉस घ्यायला तीच उभी होती. त्या बाईच्या वाट्याला आलेला संसार इतकाच. पराक्रमाच्या गोष्टीत अशा बायका एका ओळीत संपतात, याचं मला फार वाईट वाटतं. संग्रहालयातून बाहेर पडलो तरी बराच वेळ मी तिचाच विचार करत होतो.

शुक्रवार : मँचेस्टरवरून येऊन प्रवासाची तयारी

मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात जायचं कारण बेलचा क्रॉस. २०१० साली तो लिलावात आला तेव्हा फुटबॉलपटूंच्या संघटनेने दोन लाख पौंडांहून जास्त मोजून घेतला आणि लोकांना बघता यावा म्हणून या संग्रहालयाकडे दिला. आपल्या माणसाची आठवण खासगी तिजोरीत जाऊ नये म्हणून खेळाडूंनीच पैसे काढले, याचं कौतुक करावं तितकं थोडं.

व्हिक्टोरिया क्रॉस दिसायला अगदी साधा. ब्राँझचा काळपट क्रॉस, त्यावर सिंह आणि मुकुट, खाली 'शौर्यासाठी' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द, वर गडद लाल फीत. सोनं नाही, खडा नाही. आजूबाजूला चकचकीत चषक आणि त्यांच्यात एवढासा हा मळकट धातू. एक बाई लहान मुलीला उचलून दाखवत होती.

शनिवार : लंडन, पॅरिस, आल्बेर

दिवसभर रेल्वे. लीड्सहून लंडन, किंग्ज क्रॉससमोरच सेंट पँक्रस, तिथून समुद्राखालून पॅरिस. शेंगेन व्हिसाच्या कागदांची फाइल भाच्याने माझ्या गळ्यातच अडकवून ठेवली होती. पॅरिसहून आमियाँ, आमियाँहून छोट्या गाडीने आल्बेर. संध्याकाळ झाली होती, पण जुलैतला उजेड रात्री दहापर्यंत हटत नाही.

आल्बेरच्या बॅसिलिकावर सोनेरी माता मेरी बाळाला उंच धरून उभी आहे. जानेवारी १९१५ मध्ये तोफगोळ्याने ती मूर्ती वाकली आणि पुढची तीन वर्षं आडवी लटकत राहिली. मूर्ती पडली की युद्ध संपेल अशी सैनिकांत समजूत होती. खालून जाणाऱ्या लाखो जणांनी ती मान वर करून पाहिली. सोमच्या आघाडीचा रस्ता इथूनच जायचा. एप्रिल १९१८ मध्ये ती पडली. आजची मूर्ती युद्धानंतरची, गावासारखीच नव्याने उभी केलेली.

रविवार : ला बोआसेल, गॉर्डन डम्प, कोंतालमेझाँ

ज्यासाठी एवढं आलो तो दिवस. सकाळी टॅक्सीने ला बोआसेलपर्यंत आणि पुढे चालत.

आधी लॉखनगर विवर. १ जुलै १९१६ च्या सकाळी ७ वाजून २८ मिनिटांनी इंग्रजांनी जर्मन खंदकांखाली भुयारातून पेरलेली सुमारे २७ टन दारू उडवली. शंभर मीटरच्या आसपास रुंद आणि वीस मीटरहून खोल असा खड्डा अजून तसाच आहे. दोन मिनिटांनी शिट्ट्या वाजल्या आणि माणसं खंदकाबाहेर पडली. त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून ५७,४७० जण गेले, त्यातले १९,२४० मेले. शिट्टी माझ्या गळ्यात उभा जन्म होती. विवराच्या काठावर उभं राहून ती शिट्टी आठवली आणि पोटात कालवलं.

बेलची बटालियन त्यानंतर आली. २३व्या डिव्हिजनची ६९वी ब्रिगेड. ५ जुलैला त्यांच्यासमोर हॉर्सशू ट्रेंच म्हणजे नालेच्या आकाराचा खंदक होता. आज तिथे खंदक नाही. नुसता गव्हाचा चढ, मधूनमधून पांढरी माती. इथली जमीन चुन्याची, नांगर लागला की खालचा खडू वर येतो. बांधाच्या कडेला विजेच्या खांबाशी गंजलेला तोफगोळा ठेवलेला दिसला, हातभर लांब, मातीचे पोपडे धरलेला. शंभर वर्षं होऊन गेली तरी शेतकऱ्यांना ते सापडतात. ते कडेला ठेवतात आणि सरकारी माणसं येऊन घेऊन जातात. भाचा जवळ जाऊ लागला तसा मी दंडाला धरून त्याला मागे ओढला.

त्या संध्याकाळी चढावरून जाणाऱ्या बटालियनवर बाजूने एक मशीनगन चालू झाली. समोरून येणाऱ्या गोळ्या एखाद्याला लागतात, बाजूने येणाऱ्या सगळी ओळ कापत नेतात. बेलने कुणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. कॉर्पोरल कोलविल आणि प्रायव्हेट बेटी या दोघांना मागे घेऊन तो जोडखंदकातून सरपटत पुढे गेला, आणि मग उघड्यावर धावत सुटला. डोक्यावर लोखंडी टोप, पाठीला झोळी, कमरेला रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं, खिशांत मिल्स जातीचे हातबॉम्ब. मशीनगन चालवणाऱ्याला त्याने रिव्हॉल्व्हरने टिपलं आणि वीसेक यार्डांवरून फेकलेला बॉम्ब पहिल्याच फेकीत मशीनगनवर पडला. मशीनगन उलथली. पुढचा खंदक मोकळा झाला.

मी तिथे चढावर उभा राहून हे मनाशी मोजत होतो. मिल्स बॉम्बचं वजन पाऊण किलो, क्रिकेटच्या चेंडूच्या जवळपास पाचपट. उभं राहून, हात गरम करून, निवांत नेम धरून अठरा मीटरवर तो अचूक टाकणं शाळेतल्या चांगल्या पोराला जमेल. पण चढावर, एवढं ओझं अंगावर असताना, जिवाच्या आकांताने धावून आल्यावर, छाती भात्यासारखी हलत असताना पहिलीच फेक लागू पडणं ही वेगळी गोष्ट आहे. धावून थांबलेल्या मुलाचा हात थरथरतो, मी हजारदा पाहिलं आहे. व्हाइटनं लिहिलं आहे की दुसऱ्या कुणालाही हे जमलं नसतं. एवढं सामान घेऊन हा इतक्या वेगाने अंगावर आला की जर्मनांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नसेल. पी.टी. मास्तर म्हणून मी त्याखाली सही करतो.

आणि बेल स्वतः काय म्हणाला? ७ जुलैला त्याने आईला पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की हा निव्वळ योगायोग होता, मी काहीच केलं नाही, एकच बॉम्ब टाकला आणि तो लागू पडला. जनरल येऊन अभिनंदन करून गेल्याचं लिहितो. मग वडिलांची आठवण काढतो. आपली पोरं सगळ्यांत वर असावीत असं बाबांना वाटतं, त्यांच्यासाठी मला आनंद झाला. खेळ फार होतो आणि काम कमी, असं ते नेहमी म्हणायचे, पण यावेळी माझा खेळच कामी आला, असंही त्यात आहे. हे पत्र मी भाच्याला चढावर बसून मोबाइलवरून वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्यांना माझा आवाज फुटेना. सगळ्या गावच्या सगळ्या बापांना ऐकवावं असं ते पत्र आहे, आणि लिहिणाऱ्याच्या हाती उरले होते फक्त तीन दिवस.

पत्रात बढाईचा लवलेश नाही. पण एक गोष्ट सांगायला हवी. त्या बॉम्बनंतर खंदकातल्या तळघरांत बॉम्ब टाकून सुमारे पन्नास जर्मन मारल्याचंही त्याने त्याच सहजतेने लिहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी मुलांना पाढे घेणारा माणूस आईला हे लिहितो. युद्ध माणसाकडून काय काय करवून घेतं, ते या एका पत्रात शेजारी शेजारी पडलेलं आहे, आणि यातलं एक घेऊन दुसरं टाकून द्यायला मी तयार नाही.

१० जुलैला ग्रीन हॉवर्ड्सच्या ८व्या आणि ९व्या बटालियननी कोंतालमेझाँ घेतलं. गाव राखण्याच्या धुमश्चक्रीत बेल पुन्हा तसाच बॉम्ब घेऊन पुढे गेला, आणि पडला. ५ जुलैच्या कामगिरीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला ९ सप्टेंबरला. त्याला ते कधी कळलंच नाही. त्याच्या सेवेतल्या शिपायाने ऱ्होडाला लिहिलं की माणसं त्याच्यावर भाबडेपणाने, मनापासून भक्ती करायची, आणि त्याने आम्हा सगळ्यांना वाचवलं.

जिथे पडला तिथेच त्याला पुरलं. ती जागा 'बेल्स रिडाउट', म्हणजे बेलचा मोर्चा, म्हणून ओळखली जाऊ लागली. युद्धानंतर त्याला गॉर्डन डम्प दफनभूमीत हलवलं. मुख्य रस्ता सोडून गवताच्या पट्ट्यावरून आत जावं लागतं, दोन्हीकडे शेतं. सोळाशेहून अधिक जण तिथे आहेत आणि त्यातल्या हजाराहून अधिकांची नावं माहीत नाहीत, त्यांच्या दगडावर फक्त देवाला ठाऊक एवढंच लिहिलेलं. बेल चौथ्या विभागात, पहिल्या ओळीत, आठवा. दगड इतरांइतकाच उंच. अधिकाऱ्याला मोठा आणि शिपायाला लहान दगड द्यायचा नाही, हा इथला नियम. फरक एवढाच की याच्या दगडावर व्हिक्टोरिया क्रॉस कोरलेला आहे. पायाशी लव्हेंडर लावलेलं, त्यावर मधमाश्या. भाच्याने विचारलं, "मामा, तुम्ही काही म्हणणार का?" मी "सर, नमस्कार" एवढंच म्हटलं. पोरगा माझ्या नातवाच्या वयाचा, पण मास्तर तो मास्तर.

कोंतालमेझाँ हे शे-सव्वाशे वस्तीचं गाव. गावाच्या कडेला बेल्स रिडाउटच्या जागी बेलचं छोटं स्मारक आहे, जुलै २००० मध्ये उभारलेलं, खेळाडूंची संघटना आणि रेजिमेंट या दोघांच्या पुढाकाराने. चर्चजवळ दगडांचा मोठा ढिगारा रचून केलेलं आणखी एक स्मारक आहे, एडिनबराच्या मॅक्रेज बटालियनचं. तिथल्याच हार्ट्स फुटबॉल क्लबचे खेळाडू नोव्हेंबर १९१४ मध्ये या बटालियनमध्ये एकदम भरती झाले होते. त्यातले हॅरी वॅटी, डंकन करी आणि अर्नी एलिस हे तिघे १ जुलैच्या एका दिवसात गेले. एवढ्याशा गावात फुटबॉलवाल्यांची दोन स्मारकं. हार्ट्सच्या स्मारकावर कुणीतरी मरून रंगाचा मफलर गुंडाळून ठेवला होता.

इथून ईशान्येला क्षितिजावर झाडीचा काळा पट्टा दिसतो, ते हाय वुड. बेल गेला त्याच्या चौथ्या दिवशी, १४ जुलैला, तिथे २० डेक्कन हॉर्सने घोड्यांवरून, भाले सरसावून चढाई केली. हे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातून आलेलं रिसालं. त्या कंटिंजंटच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई अशा होत्या. मराठवाड्यातल्या लोकांनी इथे आलं तर कोंतालमेझाँच्या रस्त्यावरून तो पट्टा जरूर बघावा.

सोमवार : तीएपवाल

परतीची गाडी दुपारी, म्हणून सकाळी तीएपवालला जाऊन आलो. विटांच्या अवाढव्य कमानी आणि खांबांवर ७२ हजारांहून जास्त नावं, सगळी सोममध्ये गेलेल्या पण कबर न मिळालेल्यांची. वाचत गेलं तर किती दिवस लागतील कोण जाणे.

मला इथे यायचं होतं ते आणखी दोघांसाठी. या टेकाडावर स्टफ रिडाउट आणि श्वाबेन रिडाउट हे जर्मनांचे दोन बळकट मोर्चे होते. स्टफ रिडाउट सप्टेंबर १९१६ च्या शेवटी आर्ची व्हाइटने राखला आणि आपल्या वर्गमित्राच्या पाठोपाठ क्रॉस मिळवला. तो वाचला, पुढे लष्कराच्या शिक्षणखात्यात कर्नल झाला आणि १९७१ पर्यंत जगला.

त्याच दिवसांत श्वाबेन रिडाउटपाशी लढत होता बेडफर्डशर रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट टॉम अ‍ॅडलम. हाही शाळामास्तर, बेसिंगस्टोकचा, आणि यालाही लांब चेंडू फेकायची सवय. पायाला लागलं तरी बॉम्ब फेकत राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जखमी झाला, बॉम्ब फेकता येईना, तरी आपल्या माणसांना पुढे नेत राहिला. त्याच्याही नावावर व्हिक्टोरिया क्रॉस आहे. अ‍ॅडलम घरी परतला, हॅम्पशरमधल्या ब्लॅकमूर गावच्या शाळेत मुख्याध्यापक झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याला पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा गणवेश चढवून गेला, लेफ्टनंट कर्नल झाला, आणि युद्ध संपल्यावर त्याच शाळेत परत आला. १९५२ पर्यंत तो मुलांना शिकवत होता.